हात लाल का होत नाही

दिवाळीची संध्याकाळ, दादरची एक जुनी चाळ, दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी. आजीची साडी नेसलेली एक मुलगी कठड्याला टेकून उभी. एका हातात पितळेचा दिवा, दुसऱ्या हाताचा पंजा ज्योतीच्या पुढे आडोशासारखा धरलेला. समोर धाकटा भाऊ मोबाइल घेऊन उकिडवा बसलेला. डोक्यावर ट्यूबलाइट, शेजारी आकाशकंदील, खाली पोरांचे फटाके. "ताई, हात अजून जवळ घे ना." "अरे, भाजतंय!" "पण लालच होत नाहीये." आतून आजींचा आवाज आला, "चित्रात होतो रे लाल, खऱ्यात कुठला व्हायला? या आत, चकल्या गार होतायत." मग समुद्राकडून वाऱ्याची झुळूक आली, दिवा विझला, आणि दोघंही कंटाळून आत गेली. दिव्याआड हात धरलेल्या बाईचं ते ‘ग्लो ऑफ होप’ नावाचं चित्र दोघं करू पाहत होते, हे सांगायची गरजच नव्हती. निम्म्या महाराष्ट्राच्या भिंतींवर ते कॅलेंडरात, फ्रेममध्ये, सराफाच्या दुकानात कधी ना कधी लागलेलं आहे. पण त्या मुलाचं वाक्य मनातून जाईना.

हात लाल का होत नाही?

पहिलं कारण तिथेच डोक्यावर लटकत होतं. एका वातीचा उजेड एक फुटावर जेमतेम दहा-बारा लक्स (उजेड मोजायचं माप) भरतो. ट्यूबलाइट त्याच्या कितीतरी पट उजेड ओतते. तिच्यासमोर दिवा म्हणजे नुसती हातातली वस्तू, उजेडाचा उगम नव्हे. मोबाइल बिचारा ट्यूबलाइटप्रमाणे एक्स्पोजर, म्हणजे उजेड किती आत घ्यायचा ते, धरतो, आणि ज्योत म्हणजे पांढरा ठिपका उरतो. ट्यूब बंद केली तर मोबाइलचा नाइट मोड आडवा येतो. तो पाच-दहा फ्रेम एकावर एक रचतो, सावल्या उपसून वर काढतो, आणि जो अंधार आपल्याला मुद्दाम हवा होता तोच पुसून टाकतो. म्हणून आधी नाइट मोड बंद. मग चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करायचं, आणि पडद्यावरची उजेडाची पट्टी खाली ओढत न्यायची. चेहरा जरा जास्तच काळा वाटेपर्यंत.

एवढं करूनही हात चित्रातल्यासारखा लाल होत नाही, आणि खरी गंमत इथून पुढे आहे. बोटांतून उजेड पार होतो तेव्हा रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा आणि निळा भाग बराचसा शोषून घेतं, तांबडा तेवढा बाहेर पडतो. पण तोही थोडाच. ज्योतीपासून पाच-सहा सेंटिमीटरवर धरलेल्या हातात फक्त बोटांच्या कडा आणि दोन बोटांमधली पातळ कातडी उजळते. पंजा भरून लाली हवी तर हात इतका जवळ न्यावा लागेल की "भाजतंय" हेच उत्तर येणार. चित्रकाराला ही अडचण नव्हती. सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी १९४५-४६ च्या सुमारास ‘ग्लो ऑफ होप’ केलं ते जलरंगात. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत. उजेड म्हणजे न रंगवलेला कागद. बोटांतून येणारा प्रकाश म्हणजे कागदावरचा पातळ तांबूस हात, आणि त्याच्याभोवती थरावर थर चढवत आणलेला अंधार. तैलरंगात चुकलं तर वरून झाकता येतं, इथे एकदा गडद झालेली जागा पुन्हा उजळवणं जवळपास अशक्य. म्हणजे कुठे हात लावायचा नाही हे त्यांना पहिल्या कुंचल्याआधी ठाऊक असणार. चित्रातली लाली निसर्गात असते त्याहून जास्त आहे, ती त्यांनी ठरवून आणलेली आहे. आजी अगदी बरोबर बोलल्या होत्या.

हे चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधल्या संग्रहालयात आहे. तिथे रविवर्म्याचीही चित्रं असल्यामुळे असेल, पण हेही त्याचंच असं कितीतरी जण ठामपणे सांगतात. हळदणकर सावंतवाडीचे, शिकले मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, आणि १९०८ साली त्यांनी याच शहरात स्वतःची कलासंस्था काढली. चित्रासाठी उभी राहिली ती त्यांची मुलगी गीता. त्या गीताबाई उपळेकर २०१८ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी, कोल्हापुरात गेल्या. रविवर्म्याचं मोठेपण मान्य आहे. तरी दुसऱ्याच्या चित्राखाली त्याचं नाव वाचलं की वाईट वाटतं. कुणाच्या चित्रावरून आपण काही करणार असू, तर निदान ते कुणाचं आहे एवढं तरी नीट माहीत करून घ्यावं.

आता फोटोकडे. चित्रावरून फोटो करायचा म्हटलं की लोक आधी साडी शोधतात, मग तसाच दिवा, मग तसाच अंबाडा. दागिने, कुंकू, पदराची चूण सगळं जमवतात, उभं राहतात, आणि फोटो बघून वाटतं, शाळेच्या स्नेहसंमेलनातला प्रवेश झाला. कारण चित्रातली साडी हे उत्तर आहे, आणि ते त्या चित्रकाराचं आहे. आपल्याला घेता येतो तो त्याच्यापुढचा प्रश्न: उजेडाचा उगम लपवून उजेड कसा दाखवायचा? हा प्रश्न कुणाच्या मालकीचा नाही. तो घेऊन आपल्या खोलीत, आपल्या माणसांत आलं की फोटो आपला होऊ लागतो.

प्रश्न हाती लागायला चित्रासमोर बसावं लागतं. चांगली छपाई समोर ठेवायची, मोबाइलवरचं बारकं चित्र नको. त्याचा एक काळा-पांढरा प्रिंट काढायचा, कारण रंग डोळ्याला फसवतात. तो उलटा धरायचा, म्हणजे बाई, दिवा, साडी दिसेनाशी होतात आणि उजळ-काळ्या जागा तेवढ्या उरतात. डोळे किलकिले करून सर्वांत उजळ जागा कोणती, सर्वांत काळी कोणती, हे पेन्सिलीने चौकटीत मांडायचं. मग सावल्या. सावलीच्या टोकापासून वस्तूच्या कडेवरून पट्टी मागे ओढली की दिवा कुठे आहे ते कळतं, आणि दोन-तीन सावल्यांच्या रेषा एका जागी भेटल्या नाहीत तर चित्रकाराने कुठे सूट घेतली तेही कळतं. तासाभराचं काम आहे. बहुतेक जण ते टाळतात आणि मग कॅमेऱ्याला दोष देतात.

या चित्राच्या बाबतीत त्या तासात एक गोष्ट लख्ख होते. पंजा फक्त वाऱ्याला अडवत नाही, बघणाऱ्यापासून ज्योत झाकतो. ज्योतीचा झगझगीतपणा तिच्यापासून एक फुटावरच्या चेहऱ्यापेक्षा हजारो पट जास्त असतो. दोन्ही एका फ्रेममध्ये नीट यावीत हे चांगल्या कॅमेऱ्यालाही जड जातं. ज्योत दिसली की एकतर ती जळून पांढरी पडते, नाहीतर चेहरा काळोखात जातो. हात मध्ये आला की तो प्रश्नच मिटतो. एवढी साधी, एवढी सुंदर युक्ती. त्या मुलाने कॅमेरा अशा कोनात धरला होता की बहिणीच्या हाताच्या बाजूने ज्योत उघडी दिसत होती. त्याने स्वतः दोन पावलं डावीकडे सरकायला हवं होतं, ताईचा हात हलवायचं काही कारण नव्हतं.

खऱ्या ज्योतीवरच करायचं असेल तर हिशेब असा. जोडवात वापरायची, ज्योत मोठी आणि स्थिर राहते. वात पेटवून पाचेक मिनिटं जाऊ द्यायची, मग टोकाची काजळी झाडायची. नाहीतर ज्योत धुरकटते आणि थरथरते. पंखा बंद, समुद्राच्या बाजूची खिडकी बंद. मुंबईत ऑक्टोबरातही हे दहा मिनिटांच्या वर सहन होत नाही, म्हणून बाकी सगळं आधी लावून ठेवायचं. दिवा हनुवटीच्या जरा खाली, चेहऱ्यापासून वीस-पंचवीस सेंटिमीटर पुढे. कमरेपाशी धरला तर उजेड थेट खालून येतो, नाकाची सावली कपाळाकडे चढते आणि चेहरा भुतासारखा दिसतो. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यावरूनच घाईत काढलेला फोटो ओळखावा. कॅमेरा ट्रायपॉडवर, अॅपर्चर (भिंगाचं छिद्र) एफ २ च्या आसपास, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १६०० ते ३२००, शटर १/३० ते १/६० सेकंद. दिवा एक फुटावरून अर्ध्या फुटावर आणला की उजेड चौपट होतो, म्हणून आयएसओ चढवण्याआधी दिवा सरकवून बघावा. उभ्या माणसाला श्वास अर्धा सोडून थांबायला सांगायचं. १/३० ला चेहरा टिकतो, पण दिवा धरलेला हात हलतो. कोपर बरगडीला टेकवलं की बरंच भागतं.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा कशाला म्हणायचं याचं सेटिंग, ऑटोवर ठेवला तर कॅमेरा ज्योतीचा पिवळेपणा हा दोष समजून पुसायला जातो, आणि सगळी ऊब फिकट गुलाबी होऊन जाते. ज्योतीच्या उजेडाचं रंग-तापमान १९०० केल्विनच्या आसपास असतं; आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा-तांबूस. कॅमेऱ्यात २८०० ते ३२०० केल्विन लावलं की पिवळेपणा राहतो, पण चेहरा नारिंगी होत नाही. आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजळ-काळ्याचा आलेख, बघायचा तो तिन्ही रंगांचा वेगवेगळा. या उजेडात लाल चॅनेल सर्वांत आधी फुटतो, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन त्यातले बारकावे जातात. साधा हिस्टोग्राम सगळं ठीक सांगत असतो आणि इकडे बोटांची सगळी कातडी एका सपाट लाल डागात गेलेली असते. रेषा नाहीत, पेरं नाहीत. म्हणून बोटांवर एक्स्पोजर ठरवायचं, चेहरा एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) अंधारात गेला तरी जाऊ द्यायचा आणि रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदीतून, नंतर हलकेच वर आणायचा. डिजिटलमध्ये फुटलेला उजेड परत येत नाही. जलरंगातही कागदाचा गेलेला पांढरा परत येत नाही. माध्यमं वेगळी, पण जपायची जागा तीच.

पंजाभर लाली हवीच असेल तर मात्र फसवणूक करावी लागते, आणि त्यात वाईट काही नाही. चित्रकारानेही ती केलीच आहे. दिव्यात वात तशीच ठेवायची, पण न पेटवता. पंजाच्या आतल्या बाजूला, बोटांच्या मुळाशी, अंगठ्याएवढा एलईडी टॉर्च चिकटपट्टीने बसवायचा. त्याच्या तोंडावर नारिंगी जिलेटिन, म्हणजे पारदर्शक रंगीत कागद. नाटकाच्या दिव्यांना लावतात तेच, दोन पदरी. त्याच्याजवळ एलईडीचा आणखी एक छोटा दिवा, तोंड चेहऱ्याकडे, त्यावर जिलेटिन आणि बटर पेपर, कारण उघडा एलईडी नाकाची सावली सुरीने कापल्यासारखी कडक पाडतो. वॅटभराचा एलईडी पुरतो. मोठा लावला तर तो तापतो, आणि बोटं अशी लाल होतात की आतली हाडं दिसतील असं वाटू लागतं. सामान शहरातच मिळतं: दिवे आणि वायरी लोहार चाळीत, एलईडी आणि बॅटऱ्या लॅमिंग्टन रोडला, कॅमेऱ्याचं सटरफटर फोर्टात बोरा बाजारला, पितळी दिवा भुलेश्वरला. घासून लखलखीत केलेला दिवा घेऊ नका. त्यात अख्खी खोली दिसते, कॅमेऱ्यासकट. महिनाभर वापरलेला, तेलाने काळवंडलेला बरा. हेच हलत्या चित्रात करायचं झालं तर २५ फ्रेमला शटर १/५० ठेवावं, म्हणजे आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या दिव्यांचे पट्टे येत नाहीत. एलईडी मंद-तेज करायला एकाने बोटाने डिमर फिरवत राहावं. यंत्राने केलेली थरथर एकसारखी असते, ज्योतीची नसते.

मागच्या भिंतीचा विचार सहसा कुणी करत नाही. दिवा चेहऱ्यापासून एक फुटावर आणि भिंत माणसापासून एक मीटर मागे असेल, तर भिंतीवर चेहऱ्याच्या चार स्टॉप कमी उजेड पोचतो आणि सावली चौपटीहून मोठी पडते. इतकी मोठी की ती माणसाची आहे हेच कळत नाही. भिंत दोन फुटांवर आणली की ती तीनेक स्टॉपवर येते, सावली तिपटीवर. आपल्या खोल्या दहा बाय दहाच्या असल्यामुळे या एका बाबतीत आपण नशीबवान. भिंत नेहमी जवळच असते. ऑइलपेंटची चकचकीत भिंत मात्र दिव्याचं प्रतिबिंब देते. चुन्याची, डिस्टेंपरची, पोपडे आलेली चालेल, नाहीतर मंगलदास मार्केटमधून चार मीटर जाड मळकट सुती कापड आणून टांगावं. इस्त्री न करता.

एवढं सगळं साधलं की हळदणकरांच्या चित्राची उत्तम नक्कल होते. अभ्यास म्हणून ती करावीच. पण तिथे थांबणाऱ्यांविषयी वाईट वाटतं, कारण दाराशी येऊन ते परत फिरतात. कॅनडाचा छायाचित्रकार जेफ वॉल जपानी चित्रकार होकुसाईच्या सुमारे १८३२ मधल्या एका छापचित्रावरून फोटो करायला बसला. होकुसाईच्या चित्रात वाटसरूंना वाऱ्याने गाठलंय, कागद उडतायत, टोपी उडतेय. वॉलने ना जपान घेतलं, ना किमोनो, ना फुजी पर्वत. त्याने घेतला तो वारा: जो दिसत नाही, तो दाखवायचा कसा? कॅनडातल्या सपाट शेतात ऑफिसच्या कपड्यातली माणसं, फाइलमधून उधळलेले कागद. वर्षाहून जास्त काळ शंभरावर फोटो काढून ते त्याने संगणकावर एकत्र शिवले, आणि १९९३ साली तो एक फोटो पुरा झाला. उलट टोकाला भारतीय छायाचित्रकार पुष्पमाला एन. आहेत. त्यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नींबरोबर २००० ते २००४ या काळात रविवर्म्याच्या चित्रांतल्या बायका स्वतः होऊन उभ्या केल्या. त्यात सगळं मुद्दाम तसंच आहे, पण पडद्याची शिवण, रंगवलेलं आकाश लपवलेलं नाही, आणि ते न लपवणं हाच त्यांचा प्रश्न आहे. आपल्या मुंबईला तर ही वाट जुनीच. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली इथेच सुरू झाला, पुढे तो मळवलीला गेला. त्या छापखान्यासाठी फोटोलिथोचं (फोटोवरून छपाईचा साचा करण्याचं) काम केलेले दादासाहेब फाळके १९१३ साली गिरगावात हरिश्चंद्र-तारामतीला पडद्यावर चालवत होते.

कायद्याचंही एकदा बोलून टाकतो. आपल्याकडे चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. रविवर्मा १९०६ साली गेला, त्याची चित्रं केव्हाच मोकळी झाली. हळदणकर १९६८ साली गेले, म्हणजे २०२८ संपेपर्यंत हे चित्र मोकळं नाही. घरात फोटो काढायला कोणी अडवत नाही, पण हुबेहूब मांडणी करून तिची कॅलेंडरं विकायला काढली तर अडचण येऊ शकते. कल्पनेवर मात्र हक्क नसतो. ती कशी मांडली यावर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच हे एका निकालात नीट सांगून ठेवलंय. हाताआडचा उजेड कुणाचाही नाही. तो पदर, तो दिवा, ती उभी राहण्याची ढब, हे सगळं तसंच एकत्र आलं की ते त्यांचं.

मग आजच्या मुंबईत हाताआड उजेड कोण धरतं? हा खरा गृहपाठ. पुलाखाली पावसात विडी पेटवणारा हमाल धरतो. पण काडी काही सेकंदच जळते, पेटताक्षणी भडकते, म्हणून फ्रेम भडका ओसरल्यावरची हवी, आणि पावसाला मागून उजेड नसेल तर पाऊस फोटोत दिसतच नाही. आरतीत कापूर पेटला की बायका हात फिरवतात. कापराची ज्योत उंच आणि धुरकट असते, हात मात्र क्षणभरच थांबतो, आणि भोवती माणसं इतकी की सावल्या एकमेकींत मिसळून जातात. रात्रीच्या शेवटच्या लोकलमध्ये मांडीवर मूल झोपलेलं असताना आई मोबाइलच्या पडद्यावर हात धरते. कल्पना म्हणून हे फार सुंदर आहे. पण पडद्याचा उजेड पसरट आणि कमकुवत, बोटांतून पार होत नाही. वर डब्यातल्या ट्यूब लागलेल्याच असतात, आणि रेल्वेच्या हद्दीत ट्रायपॉड लावायचा तर परवानगी हवी. तरी या सगळ्या जागा वहीत टिपून ठेवाव्यात. दहातल्या नऊ बाद होतात, आणि बाद का झाल्या हे कळण्यातच दहावी ओळखायची नजर तयार होते.

त्या दिवाळीच्या रात्री, फराळ उरकल्यावर, आजी तळमजल्यावरच्या काकूंकडे निघाल्या. फराळाचा मोठा डबा नातवाच्या दोन्ही हातांत. जिन्यातला दिवा गेलेला, म्हणून त्याचाच मोबाइल आजींच्या हातात, टॉर्च लावलेला. पहिल्या वळणावर खालून कुणीतरी पिशव्या घेऊन वर येत होतं. त्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून आजींनी दुसरा पंजा टॉर्चवर झाकला, सहज, झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालावं तसा. "या हो, सावकाश या. पायरी मोडकी आहे तिथली." पाचही बोटं लालभडक झाली. हनुवटी, चष्म्याची कडा, नाकातली चमकी, एवढंच त्या उजेडात होतं. बाकी सगळा जिना काळा, आणि पोपडे आलेल्या भिंतीवर खालून वर चढत गेलेली त्यांची सावली.

मुलगी वरच्या पायरीवर उभी होती. "हलू नकोस आजी, तशीच थांब," ती म्हणाली, आणि भावाकडे हात पुढे केला. "फोन दे ना, लवकर."

तो आजींच्या हाताकडे बघत राहिला.